‘शाही’ या शब्दाचा उगम व अर्थविस्तार

मुंबईस भायखळा येथील एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यांत इ. स. १८५७ सालीं मोल्स्वर्थकृत मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति सरकारासाठीं छापून निघाली. जुने कागद वाचणाऱ्या प्रत्येकाच्या हाताशीं हा ग्रंथ असतोच; त्याची थोरवी येथें सांगत बसण्याचें प्रयोजन नाहीं. आमचा विषय एवढाच कीं, त्या काळीं ज्या ‘शाही’ शब्दानें मराठींत राजाचें राज्य, राजाचें नाणें अथवा राजाच्या नांवानें चाललेली तऱ्हा यांचा बोध होई, तोच शब्द पुढें शंभर वर्षांच्या आंत ‘लोकशाही’ असें रूप घेऊन बसला. ज्या राज्यपद्धतींत शाह मुळींच नाहीं, तिचें नांव मराठींत शाहाच्याच नांवावर पडलें. हें कसें घडलें, आणि दप्तरें चाळणारांची या शब्दापायीं कोठें गल्लत होते, हें पाहावयाचें आहे.

‘शाह’ हा शब्द इराणी खरा, परंतु तो आपणांस अगदींच परका नाहीं. दारयवहु राजाच्या बेहिस्तून येथील लेखांत राजास ‘क्षायथिय’ म्हटलें आहे; त्याचाच झिजून पुढें ‘शाह’ झाला. या शब्दाचा धातु व वेदांतील ‘सत्ता चालविणें’ या अर्थाचा ‘क्षि’ हे सगोत्र आहेत. ‘क्षत्र’ शब्द त्याच कुळांतला. क्षतापासून तारतो तो क्षत्र, ही कवींची व्युत्पत्ति रम्य असली तरी शास्त्रास मान्य नाहीं. इराणी साम्राज्याच्या प्रांताधिपतीस जी पदवी होती, तीच आपल्याकडे ‘क्षत्रप’ झाली. नाशिकच्या लेण्यांतील नहपानाच्या कुटुंबाचे लेख आणि इ. स. १९०६ सालीं जोगळटेंभी येथें सांपडलेला त्याच्या रुप्याच्या नाण्यांचा तेरा हजारांहून अधिक मोठा सांठा वाचकांस ठाऊकच आहे. तात्पर्य, ‘शाह’ शब्द दख्खनेंत येण्यापूर्वीं हजार-बाराशें वर्षें त्याचा भाऊबंद येथें नांदून गेला होता.

उत्तरेकडे तर प्रत्यक्ष ‘शाहि’ शब्दच संस्कृतांत उतरला होता. समुद्रगुप्ताच्या प्रयागच्या स्तंभलेखांत ‘षाहि’ व ‘षाहानुषाहि’ या पदव्या आहेत. जैनांच्या कालकाचार्यकथेंत शकांच्या सरदारांस ‘साहि’ म्हटलें आहे. मात्र येथें ‘शाहि’ म्हणजे राजा स्वतः, राज्य नव्हे. फारशींत ‘शाह’ शब्दास भाववाचक ‘ई’ लागून जो ‘शाही’ होतो तो वेगळा. दोहोंचें रूप एक, घडण भिन्न. वरवर पाहणारा येथें सहज फसतो.

फसण्याचें एक मोठें उदाहरण भायखळ्याजवळच घडलें आहे. राणीच्या बागेंत इ. स. १८७२ सालीं जें पदार्थसंग्रहालय उघडलें आणि ज्यास इ. स. १९७५ सालीं डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव देण्यांत आलें, त्याच्या उभारणींत भाऊंचा हात मोठा. याच भाऊंनीं गिरनारचा रुद्रदामन्‌चा शिलालेख वाचून प्रसिद्ध केला, आणि त्या काळच्या सर्व विद्वानांप्रमाणें त्या वंशास ‘साह’ वंश म्हटलें. वास्तविक असा वंश झालाच नाहीं. क्षत्रपांचीं नाणीं लहान. ठसा मारतांना वरच्या मात्रा व अनुस्वार कांठाबाहेर जात, आणि ‘रुद्रसिंह’ या नांवांतील ‘सिंह’ हा ‘सह’ किंवा ‘साह’ असा वाचला जाई. एका वेलांटीच्या अभावीं एक सबंध राजवंश निर्माण झाला! भाऊंच्याच हाताखालीं तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा क्षत्रपांवरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर इ. स. १८९० सालीं छापला गेला, व पुढें ‘साह’ हें नांव इतिहासांतून निघून गेलें. ज्यांच्यापाशीं त्यापूर्वींचे ग्रंथ आहेत त्यांनीं ‘साह राजे’ हे शब्द दिसतांच सावध व्हावें.

आतां दख्खनकडे वळूं. बहामनी राज्य मोडून जीं पांच राज्यें झालीं, त्यांच्या मूळ पुरुषांपैकीं बहुतेकांस प्रथम ‘मुल्क’ शेवटीं असणारे किताब होते: निजाम-उल्-मुल्क, इमाद-उल्-मुल्क, कुत्ब-उल्-मुल्क. हे नोकराचे किताब. स्वतंत्र होतांच ‘मुल्क’ गेला आणि ‘शाह’ आला. निजामशाहाचें राज्य ती निजामशाही. अर्थात् शब्दाची फोड ‘निजामशाह + ई’ अशी आहे. परंतु निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, इमादशाही, बरीदशाही असे पांच शब्द पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडल्यावर मराठी माणसानें ते दुसऱ्याच ठिकाणीं तोडले. ‘निजाम + शाही’ अशी फोड त्यास स्वाभाविक वाटली, आणि ‘शाही’ हा कोणत्याहि नांवास लागणारा प्रत्यय त्याच्या हातीं आला. आमच्या मतें या शब्दाच्या सर्व इतिहासाची किल्ली या चुकीच्या तोडींत आहे. मराठेशाहींत शाह कोण, हा प्रश्न मग कोणास पडेनासा झाला. एरवीं ‘पातशहा’ हा शब्द मराठ्यांस वर्ज्य होता असेंहि नाहीं, सभासदानें इ. स. १६९७ मध्यें लिहिलेल्या बखरींत सिंहासनाधीश शिवछत्रपतींस तो लावला आहे. राज्यव्यवहारकोश करून फारशी शब्द हांकलण्याचा यत्न झाला, तरी हा प्रत्यय भाषेंतून हलला नाहीं.

प्रत्यय सुटा झाल्यावर तो राज्यापुरता राहिला नाहीं. बडोद्याचा बाबाशाही रुपया व मल्हारशाही रुपया ही त्याची एक शाखा. शिंदेशाही पगडी व शिंदेशाही तोडे ही दुसरी. येथें ‘शाही’ म्हणजे छाप अथवा धाटणी. (शाहीर व शाई हे शब्द या कुळांतले नव्हेत. पहिला अरबी ‘शाइर’ म्हणजे कवि, दुसरा फारशी ‘सियाही’ म्हणजे काळेपणा. हौशी व्युत्पत्तिकार दोघांसहि शाहाच्या दरबारीं नेऊन बसवितात, म्हणून सांगितलें.)

संग्राहकांस खरी हानि होते ती निजामाच्या नांवानें. अहमदनगरची निजामशाही इ. स. १४९० पासून १६३६ पर्यंत. हैदराबादचें राज्य इ. स. १७२४ चें; तेथील मूळ पुरुषाचाहि किताब निजाम-उल्-मुल्क, पण तो शाह कधीं झाला नाहीं, त्याचें घराणें आसफजाही. मराठी कागदांत त्यास ‘मोगल’ व त्याच्या मुलुखास ‘मोगलाई’ म्हणत, कारण तो दिल्लीचा सुभेदार. विसाव्या शतकांत मात्र, विशेषतः हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळीं, लोक त्यासहि सर्रास ‘निजामशाही’ म्हणूं लागले. ही नवी बोली जुन्या कागदांच्या याद्यांत शिरली कीं अठराव्या शतकांतील सनद सतराव्यांत जाऊन पडते, अथवा त्याच्या उलट होतें. तसेंच ‘मोगलाई’ वाचून औरंगजेबाचा काळ गृहीत धरणें धोक्याचें. इ. स. १७१९ च्या दिल्लीच्या सनदांनंतर एकाच गांवच्या वसुलांत स्वराज्याचा अंमल व मोगलाई अंमल असे दोन वांटे दिसतात. तेथें ‘स्वराज्य’ व ‘मोगलाई’ हीं जमाखर्चाचीं नांवें आहेत, घोषणा नव्हेत. अंदाधुंदीस ‘मोगलाई’ म्हणण्याचा प्रघात बोलण्यांतला आहे; तो अर्थ वसुलाच्या कागदावर लादूं नये. यादी करतांना मूळ कागदांतील शब्द जसाचा तसा द्यावा व आपला अर्थ त्यापुढें निराळा लिहावा, ही आमची सूचना आहे.

अर्वाचीन शब्दांविषयीं थोडक्यांत. इंग्रजी अमलांत ‘नोकरशाही’ हा शब्द वर्तमानपत्रांनीं रूढ केला. भायखळा, परळ, लालबाग या गिरण्यांच्या वस्त्यांत सभांतून ‘भांडवलशाही’ घुमली. ‘हुकूमशाही’ व ‘लोकशाही’ या जोडीनें रुळल्या. यांपैकीं पहिल्या तिहींत ‘शाही’चा रोख निंदेचा आहे, चवथींत नाहीं. संस्कृत ‘लोक’ व फारशी ‘शाही’ यांचा हा संकर शुद्धीच्या कैवाऱ्यांस रुचणारा नव्हे. हिंदींत ‘लोकतंत्र’ झालें, बंगालींत ‘गणतंत्र’; मराठींत व गुजरातींत मात्र ‘लोकशाही’च टिकली, आणि भारताच्या संविधानाच्या मराठी उद्देशिकेंत ‘लोकशाही गणराज्य’ असे शब्द आहेत. त्यांतील ‘गण’ प्राचीन भारतांतला, ‘राज्य’ राजाचें, आणि ‘शाही’ दारयवहूच्या शिलालेखापर्यंत पोंचणारी.