शिराझची वारसनोंद

बँकेत वीस वर्षं काढली की माणूस कुणाकडेही बघून आधी विचारतो, 'कागदपत्रं आणलीत का?' फक्त एकदाच विचारायचं राहिलं, तेही वडगाव रासाईच्या आमच्या मामांना.

सरकारनं 2001 साली वाइनला उत्तेजन देणारं धोरण आणलं. ते आमच्या गावी पोचायला पाच वर्षं लागली. 2006 साली मामांनी भीमाकाठचा एक एकर ऊस मोडून शिराझ लावली. मामा माळकरी, थेंब चाखणार नाहीत. पण म्हणाले, "खानदानी येल हाये, इराणची." शिराझ हे इराणातलं शहर, एवढं बी.कॉम.लाही ठाऊक असतं. मी कर्जाचा अर्ज भरला. 'विक्रीव्यवस्था' या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं : खात्रीची.

खानदान खोटं निघालं. 1998 सालीच डीएनए तपासून झाला होता. बाप दुरेझा, आई मोंद्यूझ ब्लांश, दोघंही आग्नेय फ्रान्सचे. आई तर चक्क पांढरी! वेलीचं तिकडचं नाव सिरा. 1832 साली जेम्स बझ्बीनं युरोपातली कलमं ऑस्ट्रेलियात नेली, तिथं ती शिराझ म्हणून मोठी झाली. केवायसीत साफ नापास.

फ्रान्समध्ये ही थंडीत पानं गाळून झोपते. आमच्याकडे झोप कुणालाच नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. पावसात केवडा, थंडीत भुरी, आणि मामांच्या पाठीवर कायमचा पंप. फेब्रुवारीत घड काळेभोर. मणी बारीक, साल जाड, आत बिया. रंग सगळा सालीत, म्हणून लाल वाइन करताना रस सालींसकट आंबवतात. आणि पिकलं की मणी थांबत नाही, सुरकुततो. वजन घटतं, पैसे तर किलोवर.

2008 चा तोडा गेला, पैसेही आले. मग मुंबईवरचा हल्ला, जगाची मंदी, हॉटेलं ओस. 2009 साली वायनरीचा निरोप आला : माल आणू नका. करार होता, सह्या होत्या. थॉमसन असती तर हातगाडीवर खपली असती. शिराझ शिरूरच्या बाजारात नेली, तर गिऱ्हाइकांनी एकेक मणी खाऊन बियाच परत केल्या. मामींनी मनुके करून पाहिले. त्यात मनुका कमी, बियाच फार.

मामांनी बाग काढली, ऊस लावला आणि कर्ज सहा वर्षं फेडलं. रकान्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. विहिरीजवळ एक वेल मात्र ठेवलीय. परवा मी तिचा घड तोडून खात होतो.

मामा म्हणाले, "बी थुकू नगंस. तिचंबी व्याज भरलंय म्या."