हिर्टा बेटाची आगबोट

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांची रांग मागे पडली, म्हणजे आता अमेरिकेपर्यंत पाण्यावाचून काही नाही असे उतारूला वाटते. परंतु तेथूनही सुमारे ६४ किलोमीटर अटलांटिकमध्ये गेल्यावर सेंट किल्डाचे कडे समुद्रातून सरळ वर उठलेले दिसतात, आणि त्या द्वीपसमूहातील हिर्टा या एकाच बेटावर शतकानुशतके मनुष्यवस्ती नांदत होती. हे बेट जगले ते कड्यांवरच्या समुद्रपक्ष्यांवर. पण त्याचे भवितव्य ठरविले ते तेथे येणाऱ्या जहाजांनी, असे माझे मत आहे.

१६९७ साली मार्टिन मार्टिन हा लेखक उघड्या होडीतून तेथे पोहोचला, तेव्हा बेटावर सुमारे १८० माणसे होती. बेटाचा धनी डनव्हेगनचा मॅक्लाउड. त्याचा कारभारी दर उन्हाळ्यात लवाजम्यासह येऊन सारा वसूल करी, आणि नाणे ठाऊक नसलेली रयत तो पिसे, पक्ष्यांचे तेल व धान्य या रूपाने रुजू करी. परकी होडी येऊन गेली की साऱ्या गावाला पडसे होई, हीही नोंद मार्टिनने केली आहे; पुढे ते ‘बोटीचे पडसे’ म्हणूनच प्रसिद्धीस आले.

१८७७ च्या उन्हाळ्यात ‘डनारा कॅसल’ ही आगबोट हौशी प्रवाशांना घेऊन आली, आणि बेटाचे दिवस पालटले. धक्का नव्हता; आपल्या कोकणच्या बंदरांत उतारू पडावातून काठाला येत, तसेच येथेही आगबोट खाडीत दूर नांगरून माणसांना लहान होडीत उतरवीत, आणि होडी लाटेबरोबर वर चढली की त्याच क्षणी शेवाळलेल्या खडकावर उडी टाकावी लागे. काठावर बायका विणलेले मोजे आणि पक्ष्यांची अंडी घेऊन उभ्या असत. ज्यांच्यात नाण्याचा व्यवहार नव्हता, त्यांना आता पाहुण्यांच्या नाण्यांची वाट पाहावी लागली. आणि हा बदल मला त्या पडशाहून अधिक घातक वाटतो.

उन्हाळा सरला की आगबोट बंद. १८७७ च्याच जानेवारीत, म्हणजे ‘डनारा कॅसल’ येण्याच्या आधी काही महिने, एका फुटलेल्या ऑस्ट्रियन जहाजाचे खलाशी बेटावर अडकले, धान्य पुरेना, तेव्हा तेथे मुक्कामास असलेल्या जॉन सँड्स नावाच्या पत्रकाराने जहाजाच्या जीवरक्षक कड्याला बाटलीबंद संदेश बांधून तो समुद्रात सोडला. नऊ दिवसांत तो ऑर्कनीच्या किनाऱ्याला लागला, आणि सुटकेसाठी आरमारी जहाज आले. त्यावरून बेटकऱ्यांनी आपले टपाल काढले: लाकडाचा ठोकळा होडीसारखा कोरायचा, पोकळीत पत्र बंद करायचे, वर मेंढीचे फुगविलेले मूत्राशय बांधायचे, आणि वायव्येचा वारा सुटला की लाटांच्या हवाली करायचे. अशी कित्येक पत्रे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला लागली. काही नॉर्वेपर्यंतही गेली.

तरुण माणसे बाहेर जात राहिली, आजारपणे वाढली, आणि १९३० च्या मे महिन्यात आम्हांला येथून हलवावे असा अर्ज बेटकऱ्यांनी सरकारदरबारी धाडला. २९ ऑगस्टच्या सकाळी उरलेल्या ३६ जणांनी घराघरांत बायबल उघडे ठेवले, शेजारी ओटच्या दाण्यांची लहानशी रास घातली, दारे लावून घेतली, आणि ते ‘हेअरबेल’ या आरमारी जहाजावर चढले. मेंढरे आधीच गेली होती. ती नेली ‘डनारा कॅसल’ने.