लेकीच्या लग्नावरून दोन गोंड राजघराणी एकमेकांशी का लढली? चंद्रपूरच्या समाध्यांमागची गोष्ट

बायकोच्या आठवणीत शाहजहाननं ताजमहाल बांधला, हे सगळ्यांनाच माहितीये. पण राणीनं आपल्या राजासाठी बांधलेली समाधी बघायची असेल, तर चंद्रपूरला जावं लागतं.

चंद्रपूरच्या जुन्या कोटाला चार दरवाजे आहेत. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. यातल्या अंचलेश्वर दरवाजाजवळ, झरपट नदीकाठी अंचलेश्वराचं मंदिर आहे आणि त्याला लागूनच गोंड राजांच्या समाध्या.

जागा हीच का?

गोंडांची राजधानी आधी बल्लारपूरला होती. परंपरेनुसार राजा खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर बरे न होणारे फोड होते. झरपटच्या पाण्यानं ते बरे झाले आणि राणीच्या सांगण्यावरून त्यानं इथं नवं शहर वसवलं. ज्या पाण्यानं शहर वसवणाऱ्या राजाला बरं केलं, त्याच पाण्याजवळ पुढच्या राजांना विसावा मिळाला.

लग्न जुळलं, आणि बिनसलं

गोंड समाजात चार, पाच, सहा आणि सात देवांना मानणारे गट असतात. एकाच गटात लग्न होत नाही. म्हणजे सोयरीक ही कायम दुसऱ्या गटाशीच. राजघराण्यांसाठी तर सोयरीक हे राजकारणही होतं.

चांद्याच्या बीरशहानं आपली मुलगी देवगडच्या राजघराण्यातल्या दुर्गपालाला दिली. देवगड आज मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात येतं. नागपूर वसवणारा बख्त बुलंद याच देवगडचा राजा.

पण सासरी मुलीचा अपमान झाला. चिडलेल्या बीरशहानं जावयाचं डोकं महाकालीला वाहण्याचा नवस केला, देवगडवर चाल केली आणि नवस फेडला, असं सांगतात. चंद्रपूरच्या महाकाली मंदिरावर दगडात कोरलेलं एक डोकं दुर्गपालाचंच असल्याचं लोक मानतात. बापानं लेकीच्या अपमानाचा सूड घेतला, पण त्या सुडात लेकच विधवा झाली.

राणीच्या वाट्याला काय आलं?

पुढे बीरशहा दुसरं लग्न करायला निघाला असताना, त्याच्याच पदरी असलेल्या हिरामण नावाच्या राजपुतानं त्याचा खून केला. आधी लेक, मग आई. दोघींच्याही कपाळी वैधव्य आलं.

राणी हिराईला मुलगा नव्हता. तिनं चंदनखेड्याच्या नात्यातल्या घरातून रामशहाला दत्तक घेतलं आणि तो लहान असेपर्यंत स्वतः कारभार पाहिला. महाकालीचं आजचं मंदिर तिनंच उभारलं. आणि नवऱ्यासाठी घुमटाची, कमानींची दगडी समाधी बांधली. इथल्या सगळ्या समाध्यांमध्ये तीच सगळ्यात देखणी.

शेवट दोघांचाही एकच

रामशहानंतर नीलकंठशहा गादीवर आला. १७५१ मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी चांदा घेतलं आणि नीलकंठशहाचा शेवट बल्लारपूरच्या कैदेत झाला. देवगडचं राज्य त्याआधीच भोसल्यांच्या हातात गेलं होतं. एकमेकांशी लढलेले दोन सोयरे अखेर एकाच सत्तेपुढे संपले.

आज या समाध्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. ताडोब्याला वाघ बघायला जाणारे हजारो लोक चंद्रपुरातूनच पुढे जातात. पुढच्या वेळी जाल, तेव्हा अर्धा तास अंचलेश्वर दरवाजाजवळ नक्की थांबा.