गांवचें केंद्र आणि अंकीय वाहिन्या

ता. २९ ऑगस्ट २००५ रोजीं कॅट्रिना नांवाचें चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळलें आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा मोठा भाग पाण्याखालीं गेला. त्या दिवसांत तेथील डब्ल्यू. डब्ल्यू. एल. हें दूरचित्रवाणी केंद्र मात्र बंद पडलें नाहीं. शहरांतील जागा सोडून त्याच्या माणसांनीं बॅटन रूज येथील विद्यापीठाचा आश्रय घेतला व तेथून आपल्या नगरवासीयांना वार्ता देणें चालू ठेविलें. स्थानिक केंद्र कशासाठीं असावें, ह्या प्रश्नाचें याहून स्पष्ट उत्तर क्वचितच मिळेल.

तें उत्तर अमेरिकेच्या कायद्यानें फार पूर्वींच गृहीत धरलें होतें. प्रक्षेपणाचा परवाना लोकहितासाठीं दिला जातो, हें तत्त्व १९३४ च्या दळणवळण कायद्यांत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दूरचित्रवाणीची मागणी इतकी वाढली कीं, निरनिराळ्या केंद्रांच्या लहरी एकमेकींत मिसळूं लागल्या. तेव्हां संघीय दळणवळण आयोगानें सप्टेंबर १९४८ मध्यें नवे परवाने देणें थांबविलें. पुढें एप्रिल १९५२ मध्यें जी योजना प्रसिद्ध झाली, तींत १,२९१ गांवांना मिळून २,०५३ वाहिन्या वांटून दिल्या होत्या. थोड्या बलाढ्य केंद्रांनीं सारा देश व्यापावा, हा सोपा मार्ग आयोगानें पत्करला नाहीं. आयोगाच्या पहिल्या स्त्री सभासद फ्रीडा हेनॉक ह्यांच्या आग्रहामुळें २४२ जागा शिक्षणासाठीं राखून ठेवण्यांत आल्या.

योजना उदार होती, पण तिच्यांत एक वैगुण्य राहिलें. पुष्कळ नवीं केंद्रें १४ ते ८३ ह्या उच्च वाहिन्यांवर नेमलेलीं होतीं, आणि घरोघरच्या बहुतेक संचांना त्या वाहिन्या घेतांच येत नव्हत्या. प्रेक्षक नाहींत म्हणून जाहिराती नाहींत, आणि जाहिराती नाहींत म्हणून पैसा नाहीं, अशा फेऱ्यांत कित्येक केंद्रें बुडालीं. अखेर १९६२ च्या कायद्यानें नव्या संचांत ती सोय सक्तीची करण्याचा मार्ग मोकळा केला.

प्रत्येक केंद्राला ६ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा मिळे व त्यांत एकच कार्यक्रम मावे. अंकीय, म्हणजेच डिजिटल, पद्धतींत चित्राचे आंकडे करून ते संक्षेपानें पाठवितात. त्यामुळें त्याच पट्ट्यांतून कित्येक कार्यक्रम एकाच वेळीं जाऊं शकतात. म्हणूनच ४.१, ४.२ असे क्रमांक संचावर दिसूं लागले. ता. ८ सप्टेंबर २००८ रोजीं नॉर्थ कॅरोलिनांतील विल्मिंग्टन शहरीं ह्या बदलाची कसोटी झाली. जुन्या संचांना लागणाऱ्या जोडयंत्रासाठीं सरकारनें ४० डॉलरांचीं कुपनें वांटलीं. त्यांचा निधि अपुरा पडल्यानें देशव्यापी बदलाचा दिवस फेब्रुवारीवरून १२ जून २००९ वर गेला. पूर्वीं दूरच्या घरीं चित्र अंधुक तरी दिसे. नव्या पद्धतींत तें स्वच्छ दिसतें, नाहीं तर मुळींच दिसत नाहीं.

वाहिन्या वाढल्या, त्यांत घालावयाचें काय? शिकागोच्या एका स्थानिक केंद्रानें जुन्या लोकप्रिय मालिकांची मी-टीव्ही ही वाहिनी सुरू केली होती; २०१० च्या अखेरीस ती देशभर पसरूं लागली. गांवोगांवच्या केंद्रांनीं आपल्या दुय्यम वाहिन्या अशा तयार मालास दिल्या, कारण त्याला खर्च थोडा लागतो. सार्वजनिक केंद्रांनीं कांहीं वाहिन्या मुलांसाठीं ठेविल्या, हें त्यांतल्या त्यांत समाधान. २०१७ मध्यें संपलेल्या लिलावांत ७० मेगाहर्ट्झ लहरी सुमारें १,९८० कोटी डॉलरांस गेल्या. कांहीं केंद्रांनीं तेव्हां आपला पट्टा विकून शेजारच्या केंद्राशीं भागी केली.

१९५२ च्या योजनेनें गांवाला जागा दिली आणि अंकीय पद्धतीनें ती जागा कितीएक पट वाढविली. परंतु गांवची बातमी गोळा करणारा वार्ताहर कोणत्याही यंत्रानें आपोआप मिळत नाहीं. त्याचा पगार कोणाला तरी द्यावाच लागतो. न्यू ऑर्लिन्सच्या पुरांत लोकांच्या उपयोगी पडलीं तीं अशींच माणसें.