उपनगरांतील शाळा आणि प्रार्थनेचा प्रश्न

बोरिवलीनजीकच्या मंडपेश्वर येथील शैव लेण्यात सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी प्रार्थनामंदिर केले व त्यालगत नवख्रिस्ती मुलांकरिता विद्यालय स्थापिले. पोर्तुगीज राजाचा त्यास आश्रय होता. राजसत्ता, धर्मप्रसार आणि विद्यादान ही तेथे निराळी नव्हतीच. साष्टीतील शिक्षणाचा आरंभ असा झाला, हे ध्यानी घेतले म्हणजे शाळेतून धर्म वगळण्याचा पुढील राज्यकर्त्यांचा निश्चय केवढा मोठा होता ते कळून येते.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांतील शिक्षण केवळ ऐहिक ठरविले. तथापि ग्रंथालयात बायबल ठेवण्यास, आणि विद्यार्थ्याने आपण होऊन विचारल्यास वर्गाच्या वेळेबाहेर त्याचे विवरण करण्यास, मुभा होती. ‘आपण होऊन’ ही अट आमच्या मते त्या खलित्यातील सर्वांत टिकाऊ गोष्ट होय.

७ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत हा प्रश्न पुन्हा निघाला. सर्वांच्या करांतून आलेला पैसा एका पंथाच्या शिकवणुकीवर खर्चणे न्याय्य नाही. एका शाळेत अनेक धर्मांची मुले असता प्रत्येकाची सोय करणे दुर्घट आहे. आणि परस्परविरोधी मते शिकविल्याने शाळेची शांतता बिघडेल, असा डॉ. आंबेडकरांचा युक्तिवाद होता. त्यातूनच सिद्ध झालेल्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः राज्याच्या निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण वर्ज्य आहे. मान्यताप्राप्त अथवा अनुदानित शाळेत मात्र ते संमतीवाचून लादता येत नाही, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत ही संमती पालकाची लागते. १९५० व १९५७ साली महापालिकेची हद्द वाढत वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, तेव्हा अंधेरी, घाटकोपर, बोरिवली येथे या दोन्ही प्रकारच्या शाळा एकाच नगरात शेजारी शेजारी आल्या.

परंतु वाद पाठ्यपुस्तकावरून क्वचितच होतो. तो होतो शरीराच्या अवस्थेवरून. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला. तो उभा राहत असे, व्यत्यय आणीत नसे. तरी त्याची वेतनवाढ अडली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती मूलभूत हक्कांचा भंग करणारी ठरविली. प्रार्थना सर्वधर्मसमावेशक आहे, असे म्हणून ही अडचण सुटत नाही. कारण प्रश्न प्रार्थनेतील शब्दांचा नसून जोडलेल्या हातांचा होता. पुढे ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई महापालिकेच्या सभागृहाने आपल्या शाळांत योग व सूर्यनमस्कार सक्तीचे करण्याची सूचना संमत केली, तेव्हा समाजवादी पक्षाच्या सदस्यांनी विरोध केला. एका बाजूस तो व्यायाम होता, दुसऱ्या बाजूस नमन. दोन्ही पक्ष प्रामाणिक असू शकतात, हे मान्य केले तरी ‘सक्ती’ या शब्दाचे समर्थन होत नाही.

आता उलट बाजूचे उदाहरण. जून २०२३ मध्ये कांदिवलीतील एका खाजगी शाळेत सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी ध्वनिक्षेपकावरून अजान ऐकविली गेली. पालक व राजकीय कार्यकर्ते जमले आणि एका शिक्षिकेस निलंबित करण्यात आले. निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थनांचा मुलांस परिचय करून देण्याचा हा उपक्रम होता, असे शाळेचे म्हणणे होते. धर्मांचा परिचय आणि धार्मिक शिक्षण यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केलाच होता. मात्र परिचय वर्गात, प्रश्नोत्तरांसह होतो. रांगेत उभ्या असलेल्या मुलास ध्वनिक्षेपकास प्रश्न विचारता येत नाही.