गर्भातल्या रक्ताची कुळकथा

आपल्या अकराव्या गुणसूत्रावर पाच जनुके एका ओळीत बसली आहेत: एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा आणि बीटा. पाचांचे काम एकच, हिमोग्लोबिनच्या साखळ्या घडवणे. जोडीच्या अल्फा साखळ्या सोळाव्या गुणसूत्रावरून येतात. नवल म्हणजे ही पाच जनुके ज्या क्रमाने बसली आहेत, साधारण त्याच क्रमाने जागी होतात. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत एप्सिलॉन, मग जन्मापर्यंत दोन्ही गॅमा, आणि जन्मानंतर बीटा. डेल्टा बिचारे कायम मागेच. मोठ्या माणसाच्या रक्तात त्याचा वाटा दोन-तीन टक्क्यांपलीकडे जात नाही.

ही सगळी एका कुळातली, हे कळायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. केंब्रिजमध्ये जॉन केंड्रू यांनी देवमाशाच्या स्नायूतील मायोग्लोबिनची आणि मॅक्स पेरुट्झ यांनी घोड्याच्या हिमोग्लोबिनची घडण क्ष-किरणांनी उलगडली. अमिनो आम्लांचा क्रम बराच वेगळा, पण साखळीची घडी तीच. दोघांना १९६२ चे नोबेल मिळाले. त्याच केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी सिकलसेल या रक्ताच्या आजारातल्या हिमोग्लोबिनमध्ये एकच अमिनो आम्ल बदललेले असते हे दाखवले होते. १९६१ मध्ये त्यांनीच मांडले की या साऱ्या साखळ्यांची जनुके एका मूळ जनुकाच्या नकला आहेत. सुसुमु ओहनो यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात हा विचार सगळ्या जीवसृष्टीला लावला: मूळ जनुक नेमून दिलेले काम करत राहते, म्हणून नकलेला बदलायची मोकळीक मिळते.

नक्कल होते ती एका चुकीतून. बीजपेशी तयार होताना जोडीची गुणसूत्रे एकमेकांना समांतर येऊन तुकड्यांची अदलाबदल करतात. शेजारची दोन जनुके सारखी दिसली की जुळणी एक घर सरकते. एका गुणसूत्रावर एक जनुक जास्त येते, दुसऱ्यावर एक कमी. अल्फा आणि बीटा हेदेखील मुळात असेच शेजारी. झेनोपस नावाच्या आफ्रिकी बेडकात ती अजूनही एकाच गुणसूत्रावर जवळजवळ नांदतात. आपल्या शाखेत मात्र त्यांची घरे वेगळी झाली.

सस्तन प्राण्यांत बीटाच्या घराण्याची वाटणी कशी झाली, हा या कथेतला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. ऑपॉसमसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांत दोनच जनुके दिसतात, एक भ्रूणाचे आणि एक मोठेपणाचे. अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसने तर आपल्या नकला स्वतंत्रपणे केल्या. आपल्यासारख्या, वारेतून गर्भ पोसणाऱ्या सस्तनांच्या पूर्वजाकडे एप्सिलॉन, गॅमा, ईटा, डेल्टा आणि बीटा अशी पाच होती. पुढे प्रत्येक शाखेने त्यांतले वेगवेगळे राखले आणि वेगवेगळे गमावले. शेळीने गॅमा गमावले, ईटा राखले. उंदराने ईटा गमावले. आपल्यात ईटा मुके होऊन पडले आहे. गॅमा आणि डेल्टा यांच्यामध्ये त्याचा सांगाडा आजही वाचता येतो.

गर्भाची गरज सगळीकडे सारखीच. त्याला आईच्या रक्तातून वारेपलीकडे प्राणवायू ओढून घ्यायचा असतो, म्हणून त्याच्या रक्ताची पकड आईच्या रक्तापेक्षा घट्ट हवी. गॅलॅगोसारख्या छोट्या निशाचर प्रायमेटमध्ये गॅमा एकच आहे आणि ते भ्रूणावस्थेतच काम उरकून गप्प होते. माकडांच्या आणि आपल्या पूर्वजांत गॅमाची नक्कल झाली, आणि त्याची जागण्याची वेळ पुढे सरकली. गॅमा साखळीत १४३ व्या जागी हिस्टिडिनऐवजी सेरीन आले. त्यामुळे हिमोग्लोबिनला प्राणवायू सोडायला लावणारा तांबड्या पेशीतला डीपीजी हा रेणू तिथे नीट बसत नाही, आणि पकड घट्ट राहते.

शेळीने दुसरी वाट धरली. तिच्यात चार जनुकांचा अख्खा गटच तिप्पट झाला. एका गटातले मोठेपणाचे जनुक गर्भाच्या कामाला लागले, दुसऱ्यातले जन्मलेल्या करडाच्या, तिसऱ्यातले थोराड शेळीच्या. शेळीच्या अंगातले रक्त फार कमी झाले तर करडाचे जनुक पुन्हा जागे होते. म्हणजे आपले गर्भजनुक भ्रूणाच्या बाजूने आले, तर शेळीचे मोठेपणाच्या बाजूने. डुकराच्या गर्भाकडे असे वेगळे जनुक नाहीच. त्याच्या तांबड्या पेशींत डीपीजी कमी असते, तेवढ्यावर भागते.

ही जुनी वाटणी आज दवाखान्यापर्यंत येऊन पोचली आहे. सिकलसेलचा दोष बीटा जनुकात आहे. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी नोंदवले की हा आजार घेऊन जन्मलेल्या तान्ह्यांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी फार कमी दिसतात. गॅमाचे हिमोग्लोबिन शिल्लक असेपर्यंत ते त्यांना सांभाळते. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि भारतातल्या बऱ्याच रुग्णांत गर्भाचे हिमोग्लोबिन आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा जास्त टिकून राहते.

मग गॅमा मोठेपणीही जागे का ठेवू नये? याचा शोध घेताना संशोधकांनी माणसाची ही जनुकांची ओळ उंदरात घातली. उंदराकडे गर्भाचे वेगळे जनुक नाही, आणि त्याच्या शरीरात आपले गॅमाही उंदराच्या भ्रूणजनुकासारखे लवकर मिटले. जनुक आपले, पण वेळापत्रक उंदराचे. गॅमाला गप्प बसवण्यात बीसीएल११ए या प्रथिनाचा मोठा हात आहे हे त्याच सुमारास उमगले. रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूळपेशी बाहेर काढून, तांबड्या पेशींत हे प्रथिन बनवायला लावणारा जनुकाचा तुकडा क्रिस्पर या जनुके कापणाऱ्या तंत्राने मोडायचा आणि पेशी परत द्यायच्या, या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली.

त्याची किंमत कोट्यवधी रुपयांत आहे; पाड्यावरच्या पोराला ती परवडणे शक्य नाही. पण हायड्रॉक्सीयुरियाची साधी गोळीही बऱ्याच रुग्णांत गॅमाला काही प्रमाणात जागे करते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, ती वर्षानुवर्षे नियमित घ्यावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचा साठा एक दिवसही संपता कामा नये.