गिरणीचा मॉल झाला

मुखेडच्या आठवडी बाजारात शिरायला कुणाची परवानगी लागत नाही. माळेगावच्या यात्रेतही घोडा घेणारा आणि नुसता बघणारा एकाच वाटेने जातो. मॉलचे आरंभी तसे नव्हते. मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ साली ‘क्रॉसरोड्स’ उघडला. सरकते जिने, गार हवा, एका छपराखाली सारी दुकाने! बघ्यांची झुंबड उडाली. तेव्हा आत जायला मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवावे लागे, नाहीतर ६० रुपये मोजावे लागत. ही अट पुढे सुटली.

लोअर परळची फिनिक्स मिल १९०५ सालची. १९८२ च्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियमांनी त्यांच्या जमिनी इतर कामांना मोकळ्या झाल्या आणि फिनिक्सच्या आवारात मॉल उभा राहिला. जिथे कापड विणले जाई, तिथे आता ते विकले जाते. जुने धुराडे तेवढे उभे आहे.

गुरुजनहो, मुलांना मॉल जरूर दाखवा. मग त्यांना दोनच प्रश्न विचारा: इथे कोणाला येता येते? आणि या जागेवर आधी कोणाचा घाम गळला?